घर पडलेल्याचा अधिकार

30 सप्टेंबर 1993. गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली होती आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरची जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर, होळी, राजेगाव, मंगरूळ, तळणी या गावांत सकाळी दिसत होते ते दगडमातीचे ढिगारे. सरकारी मोजणीप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे गेली. आपल्यापैकी अनेकांना त्यानंतरचा मदतीचा ओघ आठवत असेल. धान्य, कपडे, औषधे घेऊन निघालेले ट्रक, लष्कराचे जवान, गावोगावची तरुण मंडळे, पोरक्या मुलांसाठी उभे राहिलेले नळदुर्गचे ‘आपलं घर’. महाराष्ट्र त्या दिवसांत खरोखर धावला आणि त्याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. पण मला आज बोलायचे आहे ते दुसऱ्याच प्रश्नावर. ज्याचे घर पडले त्याचे काम काय? आलेली मदत घेणे, की पुढचे गाव कसे असावे हे ठरवणे? माझे म्हणणे असे की आपत्तीनंतर समाज सावरतो की नाही, हे या उत्तरावर अवलंबून असते, आणि किल्लारीच्या टापूत या प्रश्नाची दोन उत्तरे शेजारीशेजारी अजमावली गेली.

आधी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. भूकंपाची तीव्रता रिश्टर मापनावर सहाच्या थोडी वर होती. असे शंभराहून अधिक धक्के दरवर्षी पृथ्वीवर कुठे ना कुठे बसतात. माणसे मेली ती भिंतींखाली. मराठवाड्यातले माळवदाचे घर अडाणीपणातून आलेले नव्हते. जाड भिंती आणि वर पांढऱ्या मातीचा थर यांमुळे वैशाखातही आत गारवा असे, धान्य ठेवायला बळद असे, घर किती खणांचे यावर घराण्याची ऐपत कळे. दोष दोनच ठिकाणी होता. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगडी थर मधल्या खडीमातीवर विसंबून उभे असत, त्यांना आरपार जोडणारे लांब दगड नसत. आणि गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे टाकलेल्या मातीने छताचे ओझे भयंकर वाढलेले असे. त्या वेळच्या नकाशात हा प्रदेश भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पट्ट्यात होता. त्यामुळे 1992 मध्ये किल्लारीला लहान धक्के बसत राहिले तरी घरे मजबूत करण्याचा विचार कुणी गावापर्यंत नेला नाही. म्हणजे उणीव होती ती माहितीची. जोडदगड, कोपऱ्यांचे बंध, दारा-खिडक्यांच्या माथ्यावरून चारही भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा, हलके केलेले छप्पर ही कामे गावच्या गवंड्याला शिकवण्याजोगी होती.

जागतिक बँकेच्या कर्जातून राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमाने दोन वाटा धरल्या. पूर्ण उद्ध्वस्त झालेली 52 गावे दुसऱ्या जागी वसवली. आखणी अभियंत्यांची, बांधणी ठेकेदारांची किंवा गाव दत्तक घेतलेल्या संस्थांची. जमीनधारणेनुसार 250, 400 किंवा 750 चौरस फुटांची घरे, सरळ रांगा, रुंद रस्ते. घरे भक्कम झाली, यात शंका नाही. पण गाव कितीतरी पट पसरले, शेत लांब गेले, भावकी पांगली. गोठा, कडबा, अवजारे कुठे ठेवायची याचा विचार नकाशात नव्हता. मग लोकांनी पक्क्या घरापुढे पत्र्याचे छप्पर टाकून जुने अंगण परत मिळवले. कुटुंबाला काय हवे होते, ते तिथे पाहून कळते. दुसरी वाट होती ती पडझड झालेल्या सुमारे दोन लाख घरांची. तिथे पैसा आणि साहित्य घरमालकाच्या हाती आले, तांत्रिक सल्ला सरकारने द्यायचा आणि काम घरमालकाने करवून घ्यायचे.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. नवी जागा लोकांनीच मागितली होती. जिथे चिता पेटल्या तिथे राहायचे नाही, दगडाखाली झोपायचे नाही, असे लोकच म्हणत होते. मग लोकांचे ऐकले, तर दोष कुणाचा? माझे उत्तर असे की त्या मागणीतले दुःख खरे होते, पण तिला निर्णय म्हणता येत नाही. दगडाची भिंतही सुरक्षित करता येते, हे त्यांना कुणी दाखवले नव्हते. दुसऱ्या वाटेवरही हेच दिसते, आणि माझ्या मांडणीला अडचणीची वाटणारी ही बाब मी लपवणार नाही. दुरुस्तीसाठी मिळालेल्या मदतीतून अनेकांनी जुने घर मजबूत न करता शेजारी नवी विटांची खोली बांधली आणि जुन्या धोक्याच्या घरात व्यवहार चालूच ठेवला. यावरून लोकांना कळत नाही असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मी उलटा काढतो. नमुन्याचे मजबूत केलेले घर जिथे आधी उभे करून दाखवायला हवे होते, तिथे ते वेळेवर पोहोचले नाही. अधिकार मिळाला, पण त्याच्या जोडीला लागणारे ज्ञान उशिरा मिळाले.

दुसरा आक्षेप वेळेचा. लोकांना विचारत बसलो तर पावसाळे निघून जातील, असे म्हणतात. प्रत्यक्षात स्थलांतरित गावांतल्या कित्येक कुटुंबांनीच नव्या घराची वाट पाहत वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये काढली. न विचारल्याने घाई साधली असे काही दिसत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘गाव’ ठरवते म्हणजे कोण ठरवते? पाटील, सरपंच, मोठा जमीनदार. भूमिहीन दलित आणि विधवा बाई त्या बैठकीत कुठे असते? हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. पण त्यावरचा उपाय लोकांकडून निर्णय काढून घेणे हा नाही, कारण जमिनीच्या प्रमाणात घर देण्याचा नियम काही ग्रामसभेने केलेला नव्हता. तो वरूनच आला होता आणि जुनी विषमता त्याने चौरस फुटांत पक्की केली. उपाय दुरुस्तीच्या कार्यक्रमातच सापडला. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. कुणाला किती मदत मंजूर आहे हे त्या घरोघर सांगत, अभियंत्यासोबत फिरत, गवंडी पट्ट्यात लोखंड नीट घालतो की नाही यावर नजर ठेवत. ज्यांना चावडीवर बसायची मुभा नव्हती त्यांच्या हातात गावातली सर्वांत मोलाची गोष्ट आली, ती म्हणजे पैशाची आणि बांधकामाची माहिती. सत्ता अशी थोडीथोडी सरकते, आणि ती सरकवायला आपत्तीनंतरचा काळ इतर काळापेक्षा अनुकूल असतो, कारण जुनी व्यवस्थाही त्या वेळी भिंतींबरोबर सैल झालेली असते.

26 जानेवारी 2001 रोजी कच्छ हादरले तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या काही बायका तिकडे गेल्या आणि तिथल्या बायकांना त्यांनी आपला अनुभव सांगितला. गुजरातमध्ये पडलेल्या घरांपैकी बहुतेक घरे पुढे मालकांनी स्वतः, सरकारी अर्थसाहाय्य आणि तांत्रिक देखरेख घेऊन, आपल्याच जागेवर बांधली. सगळे गावच उचलून न्यायचे हा पर्याय तिथे बहुसंख्य गावांनी नाकारला. तो नाकारता आला, कारण त्यांच्यापुढे निवड ठेवलेली होती. किल्लारीच्या 52 गावांना ती तशी मिळाली नव्हती.