पाहिलं, पण सांगायचं कुणाच्या भरवशावर?

आज बोलू या एका चिनी चित्रपटाविषयी. दिग्दर्शिका विवियन चू यांचा ‘एंजल्स वेअर व्हाइट’, २०१७ सालचा.

समुद्रकाठच्या लॉजवर मिया नावाची पोरगी साफसफाई करते. एका रात्री काउंटरवरच्या मुलीच्या जागी ती बसलेली असते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिला दिसतं, एक मोठा माणूस दोन शाळकरी मुलींच्या खोलीत जबरदस्तीनं शिरतोय. ती ते मोबाइलवर टिपून घेते. पण पोलिसांनी विचारल्यावर गप्प बसते. तिच्याकडे ओळखपत्र नाही. बोललं तर काम जाईल. पुढे ती त्या चित्रणाचे पैसेही मागते.

आपल्याला राग येतो. पण बघा, गुन्हेगार बड्या हुद्द्यावरचा. त्याला लाज नाही. लाज येते ती मुलींच्या वाट्याला. एकीची आई तर लेकीचेच केस कापते, जणू दोष तिचाच. मियाच्या मनातला सल कुणाला दिसतच नाही.

म्हणून साक्षीदार बाईला ‘तू गप्प का बसलीस?’ असं विचारण्याआधी आपण स्वतःला विचारू या, ती बोलली असती, तर तिच्या पाठीशी कोण उभं राहिलं असतं? आपण राहिलो असतो का?