कोरा रकाना



एरवी वकील आणि विमा कंपन्यांच्या क्लेम विभागांतली, सर्व्हेअरांच्या कचेऱ्यांतली, दावे हाताळणाऱ्या टीपीएमधली मंडळी एकमेकांना भेटतात ती ग्राहक आयोगाच्या व्हरांड्यात, पुकारा व्हायची वाट पाहत. आज दोन्ही पक्ष एकाच मांडवाखाली बसले आहेत. तेव्हा दोघांनाही थोडा टोचेल असा विषय घ्यायला हरकत नाही. विषय साधा आहे, प्रपोजल फॉर्मचा. विम्याचे बहुतेक तंटे पॉलिसीच्या कागदावर लढले जातात, पण त्यांचं बीज या फॉर्मच्या रकान्यांत पडलेलं असतं.

हा फॉर्म प्रत्यक्षात कसा भरला जातो, हे सभागृहात कोणाला सांगायला नको. एजंट घरी येतो. ओळखीतलाच असतो, कधी मेहुणा, कधी सोसायटीतले निवृत्त काका. चहा होईपर्यंत तो स्वतःच पेन चालवतो. मधुमेह? नाही. रक्तदाब? नाही. गेल्या ५ वर्षांत इस्पितळात दाखल? नाही. ‘नाही’ची उभी माळ ओवली जाते आणि पेन्सिलीने फुली मारलेल्या जागांवर सह्या होतात. शेवटच्या पानावर आणखी एक निवेदन असतं. मराठीत सही करणाऱ्याला किंवा अंगठा उठवणाऱ्याला इंग्रजी फॉर्ममधला मजकूर त्याच्या भाषेत समजावून सांगितला, असं प्रमाणपत्र. त्यावर सही करणारा पुष्कळदा एजंटच असतो. त्याने काय समजावलं, हे पुढे दोघांनाच ठाऊक राहतं, आणि आयुर्विम्याच्या तंट्यात त्या दोघांपैकी एक हयात नसतो.

या फॉर्ममागचं तत्त्व मात्र भारदस्त आहे. परम विश्वासाचं तत्त्व. ते शिकवताना प्रत्येक प्राध्यापक १७६६ सालच्या ‘कार्टर विरुद्ध बोएम’ खटल्याचं नाव घेतो आणि पुढे सरकतो. त्या खटल्यात कोण जिंकलं, असं विचारलं तर निम्मा वर्ग गप्प बसतो.

सुमात्रा बेटावर बेनकूलन येथे ईस्ट इंडिया कंपनीचा मार्लबरो नावाचा किल्ला होता. जॉर्ज कार्टर तिथला गव्हर्नर. किल्ला परकीय शत्रूच्या हाती पडला तर भरपाई मिळावी, म्हणून त्याने आपल्या भावामार्फत लंडनमध्ये एका वर्षाचा विमा उतरवला. १७६० मध्ये फ्रेंच आले आणि किल्ला त्यांनी घेतला. विमा देणाऱ्या बोएमचं म्हणणं, गव्हर्नरने किल्ला किती कच्चा आहे ते सांगितलं नाही, फ्रेंचांचा धोका दडवला. न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी आधी तत्त्व मांडलं: विमा हा अंदाजाचा करार आहे, त्या अंदाजाला लागणारी माहिती बहुतेकदा विमा घेणाऱ्याच्याच पोटात असते, म्हणून त्याने ती उघड केली पाहिजे. आणि मग निकाल दिला कार्टरच्या बाजूने! युद्ध कोणत्या दिशेने चाललं आहे, हे सुमात्रातल्या गव्हर्नरपेक्षा लंडनमधल्या विमेकऱ्याला अधिक कळत होतं. किल्ला कसा आहे, हे विचारण्याची मुभाही त्याला होती. त्याने विचारलं नाही, हप्ता घेतला, आणि नुकसान झाल्यावर त्याला प्रश्न सुचले. मॅन्सफील्डना ते मान्य झालं नाही.

म्हणजे या तत्त्वाला जन्मतःच दोन बाजू होत्या. पुढच्या दीडशे वर्षांत इंग्रजी न्यायालयांनी त्यातली एकच घोटली, आणि तीच आपल्याकडे आली. १९०६ च्या इंग्रजी सागरी विमा कायद्याच्या धर्तीवर आपला १९६३ चा सागरी विमा कायदा झाला. जहाज नि मालापुरता असलेला त्यातला उघड करण्याचा दंडक आपल्या न्यायालयांनी तत्त्व म्हणून आरोग्य, आग, आयुष्य अशा सगळ्या विम्यांना लावला. गंमत अशी की ज्या देशातून तो आला, तिथे ग्राहकांच्या विम्यापुरता तो २०१२ च्या कायद्याने मोडीत निघाला. तिथल्या ग्राहकाने विचारलेल्या प्रश्नांना वाजवी काळजी घेऊन खरी उत्तरं दिली की पुरे. आपल्याकडे असा कायदा अजून नाही. जे बदललं ते न्यायालयांनी एकेका खटल्यातून बदललं, आणि तेही वाट चुकत, परतत.

आयुर्विम्याला आपल्याकडे आधीपासून एक आडोसा होता, १९३८ च्या विमा कायद्याचं कलम ४५. पॉलिसीला दोन वर्षं झाल्यावर केवळ चुकीच्या माहितीचं निमित्त कंपनीला चालणार नाही, लबाडी सिद्ध करावी लागेल, असं ते म्हणत असे. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या तीन कसोट्या घालून दिल्या: माहिती महत्त्वाची हवी, दडवणं कपटाने झालेलं हवं, आणि खोटेपणाची जाणीव सांगणाऱ्याला तेव्हाच हवी. २०१५ च्या दुरुस्तीने मुदत दोनाची तीन वर्षं झाली, पण तीन वर्षांनंतर दार पूर्ण बंद. लबाडीचं कारणसुद्धा चालत नाही. पॉलिसी बंद पडून पुन्हा सुरू केली असेल, तर ही तीन वर्षं त्या पुनरुज्जीवनापासून मोजायची, हे मात्र लोक विसरतात.

या दुरुस्तीचं कौतुक पुष्कळ झालं. त्यातल्या एका परंतुकाकडे कौतुक करणाऱ्यांचं लक्ष गेलं नाही. तीन वर्षांच्या आत कंपनीने लबाडीचा आरोप केला आणि विमेदार हयात नसेल, तर ती लबाडी नव्हती हे सिद्ध करण्याचा भार वारसांवर टाकला आहे. नवरा गेला, फॉर्म एजंटने भरला, आणि नवऱ्याच्या मनात तेव्हा काय होतं याचा पुरावा बायकोने द्यायचा. पुराव्याच्या कायद्याची सवय असलेल्या कोणत्याही वकिलाला हे उलटं वाटेल. ही तरतूद संसदेने पुन्हा तपासायला हवी.

न्यायालयांची वाट कशी वळली, ते तीन निकालांत दिसतं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार न सांगितल्याबद्दल मेडिक्लेमचा दावा नाकारणं योग्य ठरवलं. विवेकी विमेकऱ्याच्या निर्णयावर परिणाम करील ती गोष्ट महत्त्वाची, अशी कसोटी लावली. २०१९ मध्ये दुसरी पॉलिसी आधीच घेतली होती एवढं न सांगणंही दाव्याच्या मुळावर आलं. भाषा येत नव्हती, फॉर्म दुसऱ्याने भरला, हा बचाव तिथे टिकला नाही. सही केली म्हणजे वाचलं, असा सरळ हिशेब.

मग डिसेंबर २०२१ चा निकाल आला. एक गृहस्थ अमेरिकेला लग्नाला निघाले. परदेश प्रवासाचा मेडिक्लेम घेताना त्यांनी मधुमेह असल्याचं सांगितलं होतं, कंपनीच्या पद्धतीप्रमाणे वैद्यकीय तपासणी झाली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर पोहोचल्यावर ते घामाघूम झाले, हृदयाचा झटका निघाला, तीन स्टेंट घालावे लागले. कंपनी म्हणाली, कोलेस्टेरॉलचा विकार आणि त्यासाठीची स्टॅटिनची गोळी त्यांनी सांगितली नाही. न्यायालयाने विचारलं ते एखाद्या फॅमिली डॉक्टरसारखं होतं: मधुमेह्याला खबरदारी म्हणून स्टॅटिन देतातच, मग मधुमेह ठाऊक असताना पॉलिसी देणाऱ्याला यात नवं काय कळायचं राहिलं होतं? त्याच निकालात क्लेम विभागाच्या भिंतीवर लावावं असं एक सूत्र आहे. फॉर्ममधला रकाना कोरा राहिला असेल, तर तो भरून घेणं कंपनीचं काम. तो कोरा असतानाच हप्ता घेऊन पॉलिसी दिली, तर नंतर माहिती दडवल्याची तक्रार कंपनीला करता येत नाही.

मॅन्सफील्डना हे वाचून नवल वाटलं नसतं.

२०२२ मध्ये हाच धागा आगीच्या विम्यात आला. दुकान तळघरात. कंपनीच्या माणसाने ते पाहिलेलं, हप्ता त्याच दुकानाचा घेतलेला. आग लागल्यावर पॉलिसीतलं कलम पुढे केलं गेलं: तळघरातल्या मालाला संरक्षण नाही. जे कलम मूळ कराराचाच जीव घेतं, ते टिकू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. आणि २०२५ मध्ये दुसरी पॉलिसी न सांगण्याचा प्रश्न पुन्हा आला, तेव्हा मोठ्या रकमेची पॉलिसी सांगून छोट्या सांगायच्या राहिल्या तर विमेकऱ्याच्या निर्णयात काय फरक पडला असता, असं न्यायालयाने विचारलं. २०१९ चा निकाल रद्द झालेला नाही, हे वकिलांनी ध्यानात ठेवावं; पण त्याचा आंधळा वापर आता अवघड झाला.

कळवण्याच्या मुदतीचंही तसंच. वाहन चोरीला गेलं, पोलिसांत लगेच फिर्याद दिली, कंपनीला मात्र उशिरा कळवलं, एवढ्यावर दावा फेटाळता येणार नाही, असं २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवलं. नियामकाचं परिपत्रक तर २०११ पासून तेच सांगत होतं. नऊ वर्षं ते कोणाच्या फायलीत होतं, हा प्रश्न इथल्या अधिकारी मंडळींनी आपापसांत सोडवावा.

मुदतीच्या अटीची खरी किंमत मराठवाड्याने पाहिली. २०२० च्या खरिपात तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात सोयाबीन पाण्यात गेलं. पीकविमा योजनेत नुकसान ७२ तासांत कळवायची अट होती. ज्यांनी कळवलं नाही त्यांना भरपाई नाही, अशी विमा कंपनीची भूमिका. शेतात गुडघाभर चिखल, आणि त्यातून ॲपवर फोटो चढवायचे! सरकारी यंत्रणेचे पंचनामे मात्र झालेले होते, नुकसान कागदावर होतं. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयात कंपनीला २०० कोटी रुपये भरायला लागले. पंचनामा हातात असताना ७२ तासांचं घड्याळ कशासाठी दाखवायचं, हा त्या प्रकरणाचा गाभा. पुढे राज्याने एक रुपयात पीकविमा आणला, २०२५ च्या खरिपापासून तो बंद केला, आणि भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नाशी बांधली. त्यामुळे कळवण्याचा तंटा मिटला खरा, पण एकट्याच्याच शिवारात ढग फुटला तर महसूल मंडळाच्या सरासरीत तो दिसणार कसा? हे खटले आता येतील. तरुण वकिलांनी तयारी ठेवावी.

नियमांच्या बाजूने २०२४ हे वर्ष मोठं होतं. आरोग्यविम्यात कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय, डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत, पॉलिसी पाहून परत करण्याची, म्हणजे फ्री-लूकची मुदत ३० दिवस. आधीपासूनच्या आजाराची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं. सलग ६० महिने पॉलिसी चालली की लबाडी सिद्ध झाल्याखेरीज माहिती दडवल्याचं कारण काढता येणार नाही. आयुर्विम्यात तीन वर्षांनी लबाडीही माफ, आरोग्यविम्यात पाच वर्षांनीही ती माफ नाही. हा फरक अशिलांना समजावताना घसरगुंडी होते. शिवाय क्लेम पुनरावलोकन समितीच्या मंजुरीवाचून आरोग्याचा दावा नाकारता येत नाही. नकाराच्या पत्राबरोबर त्या समितीची नोंद मागायची सवय वकिलांनी लावून घ्यावी. विमा लोकपालाची मर्यादाही आता ५० लाखांवर गेली आहे. तिथे फी नाही आणि वकीलही नाही, त्यामुळे ही बातमी या सभागृहात थोड्या मिश्र भावनेने ऐकली जाईल.

नियमांसारखीच विम्याची मालकीही बदलत आली. १९ जानेवारी १९५६ ला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. सप्टेंबरात एलआयसी उभी राहिली, २४५ संस्था तिच्यात आल्या. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘सबका बीमा सबकी रक्षा’ कायदा मंजूर केला आणि परदेशी भांडवलाची मर्यादा, जी १९९९ पासून २६, ४९, ७४ अशा पायऱ्या चढत आली होती, ती १०० टक्क्यांवर नेली. परदेशी पुनर्विमा कंपन्यांच्या शाखांसाठी ५,००० कोटींची अट १,००० कोटींवर आली. आयुर्विमा आणि सर्वसाधारण विमा एकाच छपराखाली विकण्याचा परवाना मात्र राहून गेला. या सगळ्यावर अर्थपानांनी रकाने भरले. विमेदाराच्या उघड करण्याच्या कर्तव्याची व्याख्या करण्याची हीच संधी होती, ती गेली, यावर फारसं कोणी लिहिलं नाही.

दरम्यान फॉर्म कागदावरून मोबाइलवर गेला. मार्च २०२५ पासून बीमा-अस्बा आहे: प्रस्ताव मंजूर होईपर्यंत हप्त्याची रक्कम ग्राहकाच्याच खात्यात अडवून ठेवायची, पैसे घेऊन कंपनीने गप्प बसायचं नाही. प्रस्ताव मंजूर होण्याआधीच वारलेल्या एका विमेच्छूच्या खटल्यात १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की हप्ता भरला आणि कंपनी काही बोलली नाही, एवढ्याने करार होत नाही. त्या मृत विमेच्छूच्या कुटुंबाचं जे झालं, त्यातली पैशाची बाजू तरी या सोयीने सुधारली. उत्तरांची बाजू तशीच आहे. एजंट टॅबवर ‘नाही, नाही’ टिक करत जातो आणि ग्राहकाला म्हणतो, “काका, ओटीपी आला असेल बघा, सांगा जरा.” चार-सहा आकडे, आणि अख्ख्या आरोग्याच्या इतिहासावर सही झाली. इथे कोरा रकानाही राहत नाही, कारण तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. मग उत्तर कोणी दिलं, प्रश्न कोणत्या भाषेत पडद्यावर दिसला, तो वाचायला किती सेकंद मिळाले, हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर नोंदलेलं असतं. ती नोंद दावा नाकारताना सादर करायची की नाही, आणि ती नसेल तर अनुमान कोणाविरुद्ध काढायचं, यावर या परिषदेने आयोगांपुढे नेण्यासाठी एक मसुदा तयार करावा. दुपारच्या सत्राचे तीन तास त्यासाठी राखून ठेवले आहेत.