पोटाची भाषा

लखनौच्या चौकात पोटाशी नाते नसलेली गोष्ट शोधावीच लागते. थंडीतल्या पहाटे गोल दरवाजापाशी माखन-मलाईच्या पराती मांडलेल्या असतात, अकबरी दरवाजाकडून निहारीचा वास येतो; आणि याच चौकात ते वैद्यक विद्यापीठ उभे आहे, ज्याची कोनशिला १९०५ मध्ये बसली व जेथे १९११ पासून अध्यापन सुरू झाले. मध्यंतरी काही वर्षे त्याला छत्रपती शाहूजी महाराजांचे नाव होते, हे आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नसते. पचनसंस्थेच्या विकारांचा अभ्यास मी विद्यार्थिनी म्हणून केला तो याच परिसरात.

तेथे प्रथम शिकावी लागली ती रुग्णांची भाषा. ‘गैस’ या एका शब्दाखाली जळजळ, मलावरोध, चिंता आणि क्वचित हृदयविकारसुद्धा दडलेला असतो. ‘गोला उठता है,’ असे एक तरुण विणकर म्हणाला. गोळा पोटात फिरतो आणि गुडगुडून विरतो, हे त्याने हाताने दाखविले, तेव्हा गुरुजींनी आमच्याकडे पाहिले. आतडे कोठेतरी अरुंद झाले आहे, असे ते वर्णन सांगत होते. आणि आपल्या देशात अशा वेळी क्षयाचा विचार आधी करावा लागतो.

काविळीचे मात्र दोन चेहरे पाहिले. एक पाण्यातून येणारी. १९५५-५६ च्या दिल्लीतील मोठ्या साथीचे साठवलेले रक्तजल १९८० मध्ये पुन्हा तपासले गेले, त्यात पुण्याच्या विषाणुविज्ञान संस्थेतील संशोधकांचाही वाटा होता. हा विषाणू परिचितांहून निराळा, हे तेव्हा कळले. त्याला पुढे ‘ई’ हे नाव मिळाले. १९९१ मध्ये शेजारच्या कानपुरात त्याने सुमारे ७९,००० लोकांना गाठले. बहुतेक जण बरे होतात. गर्भवतीला मात्र, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, तो प्राणघातक ठरू शकतो.

दुसरी कावीळ मुकी. गंगेच्या खोऱ्यातील स्त्रियांत पित्ताशयाचा कर्करोग जगाच्या मानाने फार आढळतो. खडे हे एक कारण. बाकीची अजून पुरती उलगडलेली नाहीत. खेड्यातून आलेल्या एका वृद्धेच्या उजव्या बरगडीखाली मला दगडासारखी गाठ लागली. अंगाला एवढी खाज, की दंडांवर नखांचे ओरखडे होते. झाडफूंक करण्यात दोन महिने गेले होते. मुलांनी बजावले, अम्माला काही सांगू नका. आणि तिने मलाच विचारले, ‘बिटिया, पीलिया उतर जाएगा न?’

मी गुरुजींना बोलावून आणले. ते स्टुलावर बसले, मुलांना त्यांनी जवळच उभे केले आणि तिला विचारले, ‘अम्मा, आप कितना जानना चाहती हैं?’ माझ्या मते त्या महिन्यातील सर्वांत अवघड तपासणी हीच; तिला ना नळी लागते, ना दुर्बीण. मुलांचे प्रेम खोटे नव्हते, परंतु प्रश्न तिच्या देहाचा होता.

म्हातारी थोडा वेळ खिडकीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, सगळे नको; खाज तेवढी थांबवा, आणि धाकट्या लेकीला होळीच्या आधी बोलावून घ्या.

पित्तनलिकेत नळी घालून कोंडलेल्या पित्ताला वाट करून देण्यात आली. चौथ्या दिवशी ओरखडे सुकू लागले होते, आणि लेक आली होती.