होडी कोणी बुडवली?

‘स्टेम’ हा शब्द आता केंद्राच्या शिक्षण परिषदेपर्यंत पोहोचला आहे. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित, सगळं एकत्र शिकवा म्हणतात. पहिली ते चौथीच्या बाई विचारतात, आता हे कुठल्या तासिकेत बसवू? माझ्या मते, हे त्यांच्याइतकं सोयीचं कुणालाच नाही. हायस्कुलात विज्ञानाचे सर वेगळे आणि गणिताच्या बाई वेगळ्या. प्राथमिकला बहुतेक विषय एकाच बाईंकडे असतात.

मी आज एक पुस्तक घेऊन आलोय. पामेला ॲलन यांचं ‘हू सँक द बोट?’, १९८२ सालचं. गाय, गाढव, डुक्कर, मेंढी आणि उंदीर असे पाच मित्र होडीत बसायला निघतात. प्रत्येक जण चढला की लेखिका विचारते, यानं बुडवली का? मेंढी तर बरोबर जागा हेरून तोल साधते आणि खुशाल विणत बसते! शेवटी चिमुकला उंदीर उडी मारतो आणि होडी तळाला जाते.

आधी गोष्ट नुसती वाचा. मुलांना हसू द्या. दुसऱ्या वाचनात, उंदीर चढायच्या आधी पुस्तक मिटा आणि विचारा, होडी कोणी बुडवली?

मुलं एकमुखानं सांगतात, उंदरानं बुडवली. मग म्हणायचं, ठीक आहे, उंदराला पहिला बसवू, गाय शेवटी. आता? घमेल्यात पाणी, त्यात झाकणाची होडी आणि प्राण्यांऐवजी लहानमोठे खडे. खडे कुठल्याही क्रमानं ठेवा, एकूण भार तोच. बेरजेत संख्यांची अदलाबदल केली तरी उत्तर बदलत नाही, हे मुलं पाठ म्हणतात. इथे ते पाण्यात दिसतं. पण सगळे खडे एका कडेला ठेवले, तर तेवढ्याच भाराला होडी कलंडते. म्हणजे क्रमानं बेरीज बदलत नाही, जागेनं तोल मात्र बदलतो. हे दोन मुद्दे वेगळे काढता आले, की चौथीच्या मुलानं बरंच विज्ञान केलं म्हणायचं.

मग होडी बांधायची. पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद, १५ सेंटीमीटरचा चौकोन, सगळ्यांना सारखा. काठ किती उंच दुमडायचा? १ सेंटीमीटर ठेवला तर होडीत मावतात १३ × १३ × १, म्हणजे १६९ घनसेंटीमीटर. अडीच ठेवला तर २५०. उत्साहानं ५ केला तर पुन्हा १२५! कागद तेवढाच. २५० घनसेंटीमीटर पाण्याचं वजन पाव किलो. होडी कलंडली नाही तर साधारण तेवढा भार ती पेलते. हे आकडे बाईंसाठी आहेत. मुलांनी चिंचोके मोजावेत, तक्ता करावा, काठ बदलून पुन्हा बघावं.

प्रशिक्षणात आपण मात्र शिक्षकांना पडद्यावर चौकटी दाखवतो आणि जेवणाच्या सुट्टीनंतर प्रमाणपत्र देतो. त्यापेक्षा त्यांनाच घमेल्याभोवती बसवा. मुलांनी विचारलं आणि आपल्याला आलं नाही तर, ही भीती स्वतःची होडी बुडाल्यावरच जाते. टाचण नंतर लिहिता येतं.

पुस्तकात चूक सापडली तर बिचकू नये. एरिक कार्ल यांच्या खादाड सुरवंटाच्या, १९६९ सालच्या पुस्तकात फुलपाखरू रेशमी कोशातून बाहेर येतं. तसला कोश सहसा पतंगांच्या अळ्या विणतात. फुलपाखराचा कोष गुळगुळीत असतो, तो विणलेला नसतो. कढीपत्त्यावरची अळी बरणीत पाळली की मुलं हे स्वतःच पकडतात. पुस्तक त्यामुळे रद्दीत जात नाही.

पुस्तकं मिळत नाहीत, ही तक्रार आता निम्मीच खरी. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून मराठीतही चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात. निवडताना माझा निकष एकच आहे: मजकूर झाकून नुसती चित्रं दाखवली, तर मुलं ‘पुढे काय होईल?’ म्हणून भांडतात का? नुसती माहिती कोंबलेली, रंगीत पाठ्यपुस्तकासारखी पुस्तकं शाळेत आधीच भरपूर आहेत.