पाण्याकाठचे पांढरे पक्षी

किल्लारीच्या परिसरात तेरणेवर माकणीचा जलाशय आहे. अशा पाण्याकाठी दिसणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या पक्ष्यास आपण ‘बगळा’ म्हणून मोकळे होतो. परंतु पांढरेपणा ही पुरेशी ओळख नव्हे. प्रथम चोच व पाय पाहावेत. काळी चोच, काळे पाय आणि पिवळे पंजे दिसले, तर तो लहान बगळा. गुरांमागे हिंडणाऱ्या गायबगळ्याची चोच पिवळी व आखूड. मोठ्या बगळ्याची चोच एरवी पिवळी, विणीच्या काळात मात्र काळी होते; तेव्हा रंगावर न विसंबता त्याच्या जबड्याची रेषा पाहावी. ती डोळ्याच्याही मागे जाते. मध्यम बगळ्याची डोळ्याखालीच संपते. सर्वांस एकच नाव दिले, तर त्यांतील एखादा नाहीसा झाल्याचेही आपणांस कळावयाचे नाही.