बेटावरच्या सहलीची आखणी
(मंडळाच्या सभेत वाचलेले भाषण)



यंदा मंडळाची सहल घारापुरीला न्यावी असे ठरले, आणि तिची आखणी सभेपुढे मांडण्याचे काम माझ्याकडे आले. आखणी म्हटले की आपल्याला आधी डबे आणि वर्गणी आठवते. त्या दोन्हींविषयी मी सांगणारच आहे. परंतु त्याआधी एक गोष्ट बोलते. मागच्या बैठकीत सहलीचा विषय निघाला तेव्हा आपल्यापैकी चौघी-पाचजणींनी लगेच सांगून टाकले, "तुम्ही जा हो, आम्ही घर सांभाळतो." कोणाचे गुडघे दुखतात, कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत, कोणाला पाण्याची भीती वाटते. "आम्ही घर सांभाळतो" याचा अर्थ यायची इच्छा नाही असा मी घेत नाही. आपले ओझे दुसरीला नको, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून ही आखणी मी त्या चौघी-पाचजणींपासूनच सुरू केली आहे. ज्यांचे पाय धड आहेत त्या कशाही जातील. त्यांच्यासाठी आखणीची गरजच काय?

घारापुरी हे काही दूर देशीचे बेट नव्हे. ग्रीस देशात कॉर्फू म्हणून झाडीने भरलेले एक बेट आहे; तेथे सुट्टीला जाणारी माणसे सहा-सहा महिने आधी बेत आखतात असे ऐकते. आपले हिरवे बेट तर आपल्याच रायगड जिल्ह्यात, शेजारच्या उरण तालुक्यात आहे. दोन टेकड्या, त्यांच्यावर आंबा, चिंच, करंज यांची दाट झाडी, आणि शेतबंदर, मोराबंदर व राजबंदर अशी तीन गावे. पोर्तुगीज लोकांना तेथे दगडाचा एक मोठा हत्ती दिसला, म्हणून त्यांनी बेटाला 'एलिफंटा' हे नाव दिले. १८६४ साली तो हत्ती हलविताना फुटला. त्याचे तुकडे पुढे जोडले गेले आणि तो आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभा आहे.

आता दिवस कोणता धरावा? पावसाळ्यात झाडी सर्वांत सुंदर दिसते, पण समुद्र खवळलेला असला की बोटी बंद ठेवतात. शिवाय श्रावणातली व्रते, गणपती, गौरी, पितृपक्ष आणि नवरात्र यांतून आपल्यापैकी कोणाला सवड आहे? पंचांग पुढे घेऊन पाहिले तेव्हा कोजागिरी ते वसुबारस हे दहा-बारा दिवस मोकळे सापडले. पाऊस ओसरलेला असतो, रान अजून हिरवे असते आणि फराळाची कढई चुलीवर चढायची असते. त्यात सोमवार वर्ज्य. लेणे महादेवाचे, पण नेमके सोमवारीच बंद असते! रविवारी गर्दी फार, हे खरे. तरीही मी रविवारच सुचविते. त्या दिवशी पुरुषमंडळी घरी असतात. एक दिवस मुलांचा अभ्यास, आजीबाईंचे औषध आणि दुपारचा वरणभात त्यांच्याकडे सोपवावा. सगळे जमते त्यांना; सांगण्याचीच खोटी असते.

वाट अशी. सकाळी साडेसहाला पेंधरहून मेट्रोने बेलापूर. ही मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली, त्यामुळे आपली पहिली पायरी सोपी झाली आहे. बेलापूरहून हार्बरच्या लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, तेथून बसने किंवा टॅक्सीने गेटवे. नवाच्या सुमारास बोट मिळाली की तासाभरात आपण बेटावर. कोणी म्हणेल, एवढा वळसा कशाला? जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल जाते, तेथून मोरा बंदर जवळच आहे. हे अगदी खरे. परंतु ओहोटीला मोऱ्याच्या गाळात लाँच लागायला अडचण येते, आणि गेटवेहून बोटी वरचेवर सुटतात. बरोबर वडीलधाऱ्या बायका असताना ताटकळणे टळावे, म्हणून मी गेटवेची वाट धरली. रविवारी हार्बरवर पुष्कळदा दुपारी मेगाब्लॉक असतो. त्याची वेळ शनिवारीच पाहून ठेवावी लागेल. परतीची शेवटची बोट संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास असते. आपण मात्र साडेतीनलाच धक्क्यावर यायचे. पर्यटकांना बेटावर रात्रीचा मुक्काम नाही, हे ध्यानात असू द्यावे.

पाण्याच्या भीतीविषयी मोकळेपणाने बोलते. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या बोटीवर इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची वेगवान बोट आदळली, आणि पंधरा माणसे प्राणांस मुकली. ही आठवण मनात असताना "काही होत नाही, चला" असे म्हणणे मला पटत नाही. भीती खोटी नाही. तिला उत्तर तयारीने द्यावे. त्या अपघातानंतर बोटीत जीवरक्षक जाकीट घालणे सक्तीचे झाले. आपण ते घ्यायचे, पदर नीट खोचून वरून घालायचे आणि बंद आवळून बांधायचे. साडी चुरगळली तरी चालेल. जाकीट कमी पडत असतील किंवा बोट भरगच्च असेल, तर ती सोडून द्यायची आणि मागची धरायची. वरच्या मजल्यावर वारा छान लागतो, पण जिना अरुंद असतो आणि पैसेही निराळे पडतात. आपण सगळ्याजणी खालीच बसू. एवढे करूनही जिला भीती वाटेल तिला कोणी हसायचे नाही.

गुडघ्यांचे पाहू. जेट्टीवरून टेकडीच्या पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी आहे. पुढे लेण्यांपर्यंत सुमारे एकशेवीस पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकाने आणि वर सावली, म्हणून बसत-उठत चढता येते. डोलीही मिळते; तिचा दर बसण्याआधी ठरवावा, आणि ते पैसे मंडळाच्या शिलकीतून द्यावेत अशी माझी सूचना आहे. डोलीत बसण्यात कमीपणा कसला? जी चालणार तिने सर्वांत हळू चालणाऱ्या बाईच्या मागे राहायचे, पुढे नाही. एवढा एक नियम पाळला तर कोणीही एकटी पडणार नाही.

वर गेल्यावर घाई नको. लेणी साधारण सहाव्या शतकातली, आणि १९८७ पासून जागतिक वारसा म्हणून मान्य झालेली. माणसाच्या तिप्पट उंच अशी ती त्रिमुखी मूर्ती पुष्कळजण ब्रह्मा-विष्णू-महेश समजतात. परंतु तिन्ही मुखे शिवाचीच आहेत. मधले शांत, एका बाजूचे उग्र, आणि तिसरे हातात कमळ घेतलेले, स्त्रीसारखे कोमल. तेथेच अर्धनारीनटेश्वर आहे, आणि शिवपार्वतीच्या विवाहाचा देखावाही आहे. त्यात पार्वती नवऱ्याच्या उजव्या हाताला उभी आहे, म्हणजे अजून लग्न लागायचे आहे, अशी लाजरी नवरी! हातपाय भंगले आहेत, तरी चेहऱ्यावरची लाज शाबूत आहे. ही मूर्ती आपल्याला पुस्तकाविना कळेल.

डब्यात पोळ्या, कोरडी भाजी, चटणी आणि दशम्या घ्याव्यात. पिशव्यांची तोंडे बांधलेली हवीत, कारण तेथील माकडे फार धीट आहेत. ज्याची त्याची औषधे ज्याच्या त्याच्याजवळ असावीत. फळे मात्र घरून नेऊ नयेत. बेटावरच्या बायका चिंचा, पेरू, काकड्या विकायला बसतात; त्यांच्याकडून घ्यावीत, आणि दोन शब्द बोलावे. त्यांच्या घरी समुद्राखालच्या तारेतून कायमची वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. मुंबईचे दिवे समोर दिसत असताना त्यांनी एवढी वर्षे कशी काढली असतील!

वर्गणी आठवड्याला वीस रुपये अशी आजपासून धरावी, म्हणजे कोणालाही एकदम खिशात हात घालावा लागणार नाही, की घरी मागावे लागणार नाही. बोटीचे व लेण्यांच्या तिकिटाचे दर निघण्याच्या आठवड्यात विचारून घेऊ. लेण्यांत पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. ज्यांच्या घरी दुखणाईत माणूस आहे, त्यांच्याकडे त्या दिवशी बसायला कोण जाणार, याची वेगळी यादी मी केली आहे. तीत माझ्या यजमानांचे नाव आहे. त्यांना अजून सांगायचे आहे.

आता यादीत नावे लिहावयाची. पहिल्या पाच ओळी मी रिकाम्या ठेवल्या आहेत. मागच्या वेळी "आम्ही घर सांभाळतो" म्हणणाऱ्या भगिनींनी आधी पुढे यावे, मग बाकीच्यांनी. एवढे बोलून मी आपली रजा घेते.