मुलिगन : माफ केलेला फटका

(आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचे हे लेखी रूप. संपादक मंडळाच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे.)



या कट्ट्यावर आजवर मधुमेहावर भाषण झालं, गुडघ्यांवर झालं, मृत्युपत्रावर तर दोनदा झालं. सचिव मला म्हणाले, "काका, तुम्ही बँकेतले, मुदत ठेवींवर बोला." मी म्हटलं, हल्लीचे व्याजदर ऐकून कोणाची संध्याकाळ चांगली जायची नाही. त्यापेक्षा मी गोल्फवर बोलतो. तेव्हा ते जरा गप्पच झाले. आपल्या सोसायटीत गोल्फ कोण खेळतो? खरं आहे. पण माझा विषय गोल्फमधल्या एकाच छोट्या गोष्टीचा आहे, आणि ती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. फटका चुकला तर "हा धरू नका, परत मारतो" असं म्हणावं की नाही?

आधी मी या खेळात कसा शिरलो ते सांगतो. 1988 च्या सुमारास माझी बदली एका छावणीच्या गावी झाली. शाखेतली निम्मी खाती लष्करातल्या लोकांची. तिथल्या एका कर्नलसाहेबांनी मला रविवारी सकाळी मैदानावर बोलावलं. मैदान म्हणजे हिरवळ नव्हे हो! भोक जिथे असतं त्या जागेला ग्रीन म्हणतात, पण पाण्याअभावी तिथे तेल घातलेली वाळू पसरलेली असे. त्याला ते ब्राऊन म्हणत. मी काठी उचलली, जोरात फिरवली, आणि चेंडू जागचा हलला नाही. नुसती हवा कापली. मी हसून परत उभा राहिलो. कर्नलसाहेब शांतपणे म्हणाले, "मॅनेजरसाब, वन." चेंडू मारायच्या इराद्याने काठी फिरवली की लागो न लागो, तो फटका मोजायचा. हा माझा गोल्फचा पहिला धडा.

निवृत्तीनंतर मुलाकडे अमेरिकेत जाणं-येणं सुरू झालं. तिथे गावोगावी सार्वजनिक मैदानं आहेत, पैसे भरले की कोणीही खेळू शकतो. मुलाच्या मित्रांबरोबर पहिल्या दिवशी गेलो. पहिलाच चेंडू झाडीत. मी मनात म्हटलं, वन. तेवढ्यात एक मित्र म्हणाला, "काका, मुलिगन घ्या!" मला वाटलं काही खायला देतोय. मग कळलं, मुलिगन म्हणजे माफ केलेला फटका. झाला तो झालाच नाही असं समजायचं, खिशातून दुसरा चेंडू काढायचा आणि पुन्हा पहिला फटका मारायचा.

या नावामागे डेव्हिड मुलिगन नावाच्या कॅनडातल्या एका हॉटेल व्यावसायिकाची गोष्ट सांगतात. कोणी म्हणतं, खडबडीत रस्त्यावरून मोटार हाकून आल्यामुळे त्यांचे हात थरथरत होते, म्हणून मित्रांनी त्यांना एक जादा फटका दिला. कोणी निराळं सांगतं. ते असो. तिकडे ही प्रथा इतकी मुरली आहे की धर्मादाय संस्थांच्या निधीसाठी सामने भरवतात, तेव्हा मुलिगन चक्क विकत देतात. बिल क्लिंटन राष्ट्राध्यक्ष असताना त्यांच्या मुलिगनवर वर्तमानपत्रांनी पुष्कळ लिहिलं होतं.

खेळाच्या नियमांत मात्र मुलिगन नाही. गोल्फचे पहिले लेखी नियम 1744 साली स्कॉटलंडमध्ये लीथ इथे झाले. फक्त 13 नियम. आज पुस्तक जाडजूड झालं आहे, पण फटका पुसण्याची सोय त्यात कुठेच नाही. नियम अगदी निर्दय आहेत असंही नाही. चेंडू हद्दीबाहेर गेला तर एक दंडाचा फटका घेऊन पुन्हा पहिल्या जागेवरून मारता येतो. म्हणजे मारलेला एक, दंडाचा एक, आणि आता मारणार तो तिसरा. चेंडू हरवला असेल अशी शंका आली तर पुढे जाण्याआधी सांगून एक पर्यायी चेंडू मारून ठेवता येतो. स्टेबलफर्ड नावाची गुणांची एक पद्धत आहे. तिच्यात एखाद्या होलचा पार बोजवारा उडाला तरी त्या होलचे शून्य गुण मिळतात, इतकंच. पुढच्या होलला कोरी पाटी. हे आकडे नीट ऐकून ठेवा, पुढे लागणार आहेत. खेळ माफी देतो, पण तिची नोंद करून देतो.

बँकेतल्या जुन्या मंडळींना हे लगेच पटेल. संगणक येण्याआधी लेजर हाताने लिहायचो. आकडा चुकला तर खोडरबर नाही, पांढरी शाई नाही, वरून गिरवणं तर मुळीच नाही. चुकलेल्या आकड्यावर एक सरळ रेघ मारायची, तो वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही. चुकीची नोंद दिवस उलटल्यावर सापडली तर उलटी नोंद करायची. चूकही वहीत राहते, दुरुस्तीही राहते. माझ्या एका कॅशियरने एकदा संध्याकाळी सात रुपये कमी भरले म्हणून आपल्या खिशातून टाकले. त्याला वाटलं साहेब खूश होतील. मी त्याला म्हटलं, "अरे, आज तू सात टाकलेस, उद्या सात जास्त आले तर खिशात घालशील का?" कमी असेल तर कमी लिहायचं, जास्त असेल तर सस्पेन्स खात्यात ठेवायचं. हिशोब जुळवायचा नसतो, जुळलेला दिसला पाहिजे.

तुम्ही म्हणाल, ही बँक नव्हे, खेळ आहे. मान्य. मुलिगनच्या बाजूने बोलण्यासारखंही पुष्कळ आहे आणि ते मी टाळणार नाही. आपल्या वयाचा माणूस गाडीतून उतरून थेट पहिल्या टीवर उभा राहतो. कंबर आखडलेली, मागे चार अनोळखी लोक रांगेत उभे. पहिला फटका वाकडा जाणारच. पैसे आपण भरलेत, बक्षीस कुठलंच नाही, कोणाचं नुकसान नाही. नवशिक्याला तर एखादी संधी दिलीच पाहिजे, नाहीतर तो परत येणार नाही. कर्नलसाहेबांच्या त्या "वन"नंतर मी तीन महिने मैदानाकडे फिरकलो नव्हतो, हेही खरंच.

तरी मनाला एक गोष्ट खटकते. आपल्या पार्किंगमध्ये मुलं क्रिकेट खेळतात, पहिला चेंडू 'ट्राय बॉल' असतो. त्यात आऊट झालं तरी आऊट नाही. तोही मुलिगनच की! पण ती पोरं "ट्राय!" असं चेंडू टाकायच्या आधी ओरडतात. आणि तो सगळ्यांना मिळतो. मुलिगन घेणारा आधी बोलत नाही. चेंडू कुठे जातो ते बघतो. चांगला गेला तर ठेवतो, वाईट गेला तर म्हणतो, हा धरू नका. आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत याला कार्योत्तर मंजुरी म्हणतात. (इथे कट्ट्यावर हशा झाला होता. खजिनदारही हसले होते, हे नमूद करतो.)

दुसरं असं की, दुसरा फटका हा पहिल्यासारखा नसतोच. पहिल्यात भीती असते. दुसऱ्यात ती गेलेली असते, हात मोकळा झालेला असतो, वारा कळलेला असतो. गोल्फमध्ये खरी परीक्षा त्या भीतीची. चेंडू तर जागेवर स्वस्थ पडलेला असतो, कोणी टाकत नाही, कोणी अडवत नाही. भीतीच वजा केली तर उरलेला आकडा कशाचा?

बॉबी जोन्स यांची गोष्ट गोल्फवाले नेहमी सांगतात. 1925 ची अमेरिकन ओपन स्पर्धा, वुस्टरचं मैदान. जोन्स तेव्हा 23 वर्षांचे, हौशी खेळाडू, खेळाचे पैसे न घेणारे. गवतात उभे राहून फटक्याची तयारी करत असताना त्यांचा चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कोणी तो पाहिला नव्हता. त्यांनी स्वतःच सांगून एक दंडाचा फटका लावून घेतला. शेवटी विली मॅकफार्लेन यांच्याशी त्यांची बरोबरी झाली, आणि जादा फेऱ्यांत जोन्स एका फटक्याने हरले. लोकांनी प्रामाणिकपणाची वाहवा केली तेव्हा ते म्हणाले म्हणे की, बँक लुटली नाही म्हणून एखाद्याला शाबासकी द्यावी तसं हे झालं! मी 36 वर्षं बँकेत काढली आणि ती लुटली नाही, पण मला मिळाली ती फक्त निरोप समारंभाची शाल.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगून संपवतो. ही आजवर कट्ट्यावर सांगितली नव्हती.

हौशी गोल्फरचं एक स्वप्न असतं, 18 होल शंभराच्या आत संपवायचे. चांगले खेळाडू 72 च्या आसपास खेळतात, आमच्यासारख्यांना 110, 115 लागतात. मला सत्तर पूर्ण झाली त्या वर्षी मुलाकडे होतो. वाढदिवसाच्या दिवशी मी, मुलगा आणि दहा वर्षांचा नातू असे मैदानावर गेलो. नातू विजेच्या गाडीत बसून कार्डावर आकडे लिहीत होता. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, सगळं लागत गेलं. शेवटचा चेंडू भोकात पडला, मुलाने बेरीज केली आणि ओरडला, "बाबा, नव्व्याण्णव!" मला मिठी मारली. घरी केक, भारतात फोन. मुलाने ते कार्ड चौकटीत बसवून दिलं. परत आल्यावर आमच्या हॉलमध्ये ते टीव्हीच्या वर लागलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी ते चहाबरोबर दाखवलं आहे.

पुढच्या वर्षी नातू सुट्टीत इथे आला. चौकटीसमोर उभा राहिला आणि सहज म्हणाला, "आजोबा, तो तळ्यात गेलेला बॉल कुठे लिहिलाय?"

मी म्हटलं, "अरे, तो मुलिगन होता." तो म्हणाला, "हो, पण तो गेला तर होता ना?"

त्याच्या आवाजात आरोप नव्हता. त्याला खरंच ते कळलं नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही. पहिल्या होलला एक चेंडू हद्दीबाहेर गेला होता, बाराव्याला एक तळ्यात. दोन्ही वेळा मुलगा म्हणाला होता "मुलिगन घ्या", आणि मी घेतला होता. मारलेला एक आणि दंडाचा एक, म्हणजे प्रत्येक मुलिगनखाली दोन फटके गडप. दोन मुलिगन, चार फटके. नव्व्याण्णव नव्हे, एकशे तीन.

सकाळी उठून चौकट उघडली. 99 वर लाल शाईने एक सरळ रेघ मारली, वर 103 लिहिलं, शेजारी सही केली, तारीख घातली. सौ. म्हणाली, "अहो, चांगलं कार्ड खराब का करताय? कोण बघायला येणार आहे?" तिचंही चूक नव्हतं. मुलाला फोनवर सांगितलं तर तो क्षणभर गप्प झाला. तो त्याने दिलेला आनंद होता आणि मी त्याच्यावर रेघ मारली होती. त्याबद्दल आजही जिवाला थोडं लागतं. नातवाने मात्र चौकट नीट पाहिली आणि विचारलं, "मग आता परत ट्राय करणार?"

केलं. त्यानंतर दोन वेळा अमेरिकेला गेलो. आजवरचा माझा सर्वांत चांगला आकडा 101 आहे. आता गुडघा साथ देत नाही, त्यामुळे 99 येईल असं वाटत नाही. 101 चं कार्ड पाकिटात असतं, ते मी कोणाला दाखवत नाही.

तर मंडळी, मुलिगन घ्यावा का? माझं मत असं. मौजेसाठी खेळताय, खुशाल घ्या. पण ट्राय बॉलसारखा घ्या. पहिल्या टीवर, मारायच्या आधी ठरवून, सगळ्यांना एकेक. मागचे लोक खोळंबले असतील तर घेऊ नका. 2019 पासून हरवलेला चेंडू शोधायलाही तीनच मिनिटं मिळतात, ती उगाच नाहीत. हँडिकॅपसाठी द्यायच्या कार्डावर तर मुलिगन नकोच, कारण त्या आकड्यावर दुसऱ्याशी बरोबरीने खेळायचं ठरतं, तिथे कोणाचं तरी नुकसान होतं. आणि एकदा मुलिगन घेतला की घरी आकडा सांगताना तोही सांगा. "नव्व्याण्णव, दोन मुलिगन धरून." एवढ्या चार शब्दांनी आनंद कमी होत नाही. मी ते चार शब्द वर्षभर गाळले, एवढीच माझी चूक.

चौकट अजून टीव्हीच्या वरच आहे. रेघेसकट. चहाला या, दाखवतो.